सर्व्हरवर हल्ला करणाऱ्या आयपीची तक्रार अशी करा

नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात त्याच्या २२ क्रमांकाच्या एसएसएच पोर्टवर (दुरून लॉगिन करण्याच्या दारावर) अनोळखी आयपी, म्हणजे इंटरनेट पत्ते, पासवर्ड आजमावू लागतात. सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली असेल तर ऑथ लॉगमध्ये, म्हणजे लॉगिनच्या नोंदींत (नव्या डेबियनवर सिस्टम जर्नलमध्ये), ‘फेल्ड पासवर्ड’च्या ओळी शोधा. एकच आयपी रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं बदलून येत असेल, तर तो हल्लाच समजा. फेलटूबॅन या असे आयपी आपोआप अडवणाऱ्या प्रोग्रामने त्याला रोखा, पण तेवढ्यावर सोडू नका. त्यामागे बरेचदा कुणाचा तरी हॅक झालेला राउटर किंवा कॅमेरा असतो आणि मालकाला याची कल्पनाही नसते. तुमच्या तक्रारीमुळेच त्याला ते कळू शकतं.

हूइज या आयपी कुणाचा ते सांगणाऱ्या सेवेत आयपी टाकला की त्या नेटवर्कचा अब्यूज (तक्रारींसाठीचा) ईमेल सहसा मिळतो. तिथे हल्लेखोराचा आणि तुमचा असे दोन्ही आयपी, पोर्ट, लॉगच्या मोजक्या मूळ ओळी आणि टाइमझोनसह वेळ कळवा. टाइमझोन अजिबात विसरू नका! मोबाइल नेटवर्कवर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहक वापरतात. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि भारतीय वेळेतल्या साडेपाच तासांच्या फरकाने भलताच माणूस अडकू शकतो. म्हणूनच हल्लेखोराचा सोर्स पोर्टही (त्याच्या बाजूचा पोर्ट क्रमांक) द्या. अब्यूजआयपीडीबी या हल्लेखोर आयपींची यादी ठेवणाऱ्या साइटवर नोंद केली तर इतरही सावध होतात.

यूडीपीच्या (आधी जोडणी न करताच डेटा पाठवण्याच्या पद्धतीच्या) माऱ्यात मात्र सोर्स आयपी बनावट असू शकतो, तिथे घाईने कुणावर ठपका ठेवू नका.

भारतातल्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये कुणी खरोखर शिरलंच, तर २०२२च्या निर्देशांनुसार ते लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं बंधनकारक आहे.