नापास करावे की नाही? बाजू घेणारा निबंध लिहिताना

वैचारिक निबंध आला की बरीच मुले एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा लिहितात आणि 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' म्हणून मोकळी होतात. तपासणाऱ्याला तुमचे मत कळतच नाही. बाजू घ्यावी लागते, आणि तीही समोरच्याचे ऐकून. एक विषय घेऊन पाहू: पाचवी आणि आठवीत विद्यार्थ्याला नापास करावे का?

१. मत ठरवण्याआधी वाचा. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीच्या शेवटी परीक्षा आणली. नापास झालेल्याला जादा शिकवायचे, निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. त्यातही तो नापास झाला तर मागे ठेवायची मुभा द्यायची की नाही, हे सरकारने ठरवायचे. एवढे वाचल्यावर 'हल्ली सगळ्यांनाच वर ढकलतात' हे वाक्य तुम्ही लिहिणार नाही.

२. मत एका वाक्यात बसवा. 'नापास करणे वाईट आहे' हे फार ढोबळ झाले. त्याऐवजी असे लिहून पाहा: 'पाचवीत कोणालाही मागे ठेवू नये, आठवीत ठेवावे, पण फेरपरीक्षेआधी शाळेने खरोखर जादा तास घेतले असतील तरच.' या वाक्यात अट आहे, आणि ती कायद्यातूनच आली आहे. आता पुढचा सगळा निबंध या 'तरच' भोवती फिरेल. पाचवी आणि आठवीत फरक का केला, हे मात्र तुम्हाला सांगावे लागेल. नाही सांगता आले, तर वाक्य बदला.

३. विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीने मांडा. इथेच बहुतेक निबंध पडतात. 'काही लोकांना वाटते की मुलांना धाक हवा' एवढे लिहून त्यांना उडवून लावणे सोपे आहे. पण त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे: धड वाचता न येणारा मुलगा नववीत पोचतो आणि तिथे त्याचा कोणी वाली नसतो. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' अहवालांतही ग्रामीण भागात पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही, असे वारंवार दिसले आहे. हे मान्य करा, 'हा मुद्दा खरा आहे' असे सरळ लिहा.

मग विचारा, या अहवालांवरून नेमके काय सिद्ध होते? मुले शिकलेली नाहीत, एवढेच. तोच शिक्षक, तीच पुस्तके, तीच पद्धत असताना आणखी एक वर्ष त्याच वर्गात बसून ती शिकतील, हे त्यातून निघत नाही. पुरावा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे दाखवलेत की निबंधाला वजन येते. मोठमोठी सुभाषिते लागत नाहीत (आणि माझ्या मते ती टाळलेलीच बरी).

४. क्रम लावा. मत पहिल्याच परिच्छेदात. मग तुमची दोन कारणे, त्यानंतर विरुद्ध बाजू आणि तिला उत्तर. ती अगदी शेवटी ठेवू नका, वाचणाऱ्याच्या डोक्यात तीच राहते.

५. खाडाखोड करा. 'नेहमी', 'सगळेच', 'कधीच' हे शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी 'अनेकदा' किंवा 'काही' बसते. मात्र मुख्य वाक्यात 'कदाचित' घालून पळवाट काढू नका. जमले तर विरुद्ध मताच्या मित्राला तिसऱ्या पायरीचा परिच्छेद वाचून दाखवा. 'मला असे म्हणायचेच नव्हते' असे तो म्हणाला, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा.

समारोपात आधीचेच पुन्हा सांगत बसू नका. तुमची अट पाळायची तर काय लागेल ते लिहा: जादा तास कोणी घ्यायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा कोण उघडणार, आणि गावाकडे गेलेल्या मुलाचे काय.