‘ऐच्छिक’ या एका शब्दात माझे आठ महिने गेले

अमेरिकेत कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यावर आणि सांध्यांवर हाताने करायचे उपचार, शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. देशभरासाठी परीक्षा घेणाऱ्या नॅशनल बोर्डाच्या परीक्षेचे चार पार्ट असतात हे तुम्हाला माहीत असेलच. मी चारही पहिल्या झटक्यात पास झाले. साताऱ्याला आईने पेढे वाटले. लायसन्स मात्र मिळालं नाही.

फिजिओथेरपीचा पेपर मी दिलाच नव्हता. बोर्डाच्या लेखी तो ऐच्छिक. एक सीनियर म्हणाला होता, “ऐच्छिक आहे ना, मग फी कशाला घालवतेस?” मला नोकरी लागली त्या राज्यात लायसन्ससाठी तोच पेपर सक्तीचा निघाला. पुढच्या परीक्षेची तारीख, मग निकाल, मग तो राज्याकडे पोचणं. आठ महिने गेले, नोकरीही गेली. म्हणून सांगते: परीक्षा बोर्ड घेतं, लायसन्स राज्य देतं. बोर्डाने ऐच्छिक म्हटलं म्हणजे बोर्ड सक्ती करत नाही, एवढंच. राज्याने करायची की नाही, ते राज्य ठरवतं. सीनियरने त्याच्या राज्यापुरतं खरंच सांगितलं होतं. सीनियरांकडून नोट्स घ्या, नियम घेऊ नका.

हे असं का, ते मला इतिहास वाचल्यावर कळलं. १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला ही विद्या सुरू झाली. लायसन्सचा पहिला कायदा कॅन्ससने १९१३ मध्ये केला, शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये. मधल्या साठ वर्षांत एका राज्यात मान्यता, तर दुसऱ्यात विनापरवाना वैद्यकीचा खटला. ही विद्या सुरू करणारे खुद्द डी. डी. पामर १९०६ मध्ये तुरुंगात गेले. १९२५ मध्ये विस्कॉन्सिन आणि कनेटिकटने ‘बेसिक सायन्स’चे कायदे आणले: आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी वगैरेंची वेगळी परीक्षा, ती सुटली तरच आपल्या शाखेची. कायरोप्रॅक्टर मोठ्या संख्येने तिथेच अडकले. हेतू त्यांना अडवण्याचाच होता, पण त्या दडपणाने कॉलेजांचं शिकवणं सुधारलं, असं माझं ठाम मत आहे. पार्ट वनमध्ये हेच मूळ विषय असतात; त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

नॅशनल बोर्ड १९६३ चं, पहिल्या परीक्षा १९६५ च्या. पार्ट थ्री १९८७ मध्ये आला, पार्ट फोर १९९६ मध्ये. राज्याराज्यांत तेच तेच पेपर देण्याचा त्रास त्याने वाचला. पण कोणता निकाल धरायचा, हा हक्क राज्यांनी कधीच सोडला नाही. मी अडकले ती इथे.

पेपरांना घाबरू नका, खरंच. पार्ट फोर, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला, टेबलाशी उभी राहिले तेव्हा माझा हात थरथरत होता. तिथे मणक्याला उपचाराचा झटका प्रत्यक्ष द्यायचा नसतो; मणक्यावर हात नेमका कुठे टेकवला आणि दिशा कोणती धरली, ते दाखवायचं असतं. रोज सराव असला की हात आपोआप जागेवर जातो. आयत्या प्रश्नांचे गठ्ठे पाठ करून ते येत नाही.

आणि दुसऱ्या वर्षातच, जिथे काम करायचा विचार असेल त्या राज्यांच्या बोर्डांचे नियम त्यांच्याच वेबसाइटवर वाचा. कायद्याचा वेगळा पेपर आहे का, तेही बघा. फिजिओथेरपीचा पेपर मात्र राज्य ठरलेलं नसलं तरी देऊन टाका.