चवदार तळं आणि मानवी हक्क: नववीसाठी चार तासिकांचा वेबशोध

‘मानवी हक्कांची माहिती नेटवर शोधा’ असं सांगितलं की मुलं पहिलं पान उघडून वहीत उतरवतात. म्हणून वेबशोध, म्हणजे शिक्षकानं निवडलेल्या दुव्यांतून एका प्रश्नाचं उत्तर शोधणं. विषयाऐवजी प्रश्न द्या: 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात झाला, 1924 साली महाड नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं खुलं केलं, तरी 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह का करावा लागला? याचं उत्तर एका पानावर सापडत नाही.

दुवे तुम्हीच निवडा, चारच: राज्य शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेतल्या 17व्या खंडाच्या पहिल्या भागातली महाडची पानं, या तळ्याबद्दलचा मुंबई उच्च न्यायालयाचा 1937चा निकाल, मराठी संविधानातली कलमं 15 व 17, आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा मराठीत. पहिले दोन मजकूर इंग्रजीत आहेत. त्यांतली अर्धी-अर्धी पानं निवडून कठीण शब्दांचे अर्थ जोडा. सगळं पेनड्राइव्हवरही ठेवा, नेट ऐन तासालाच जातं.

एका संगणकावर चौघं. माउस दर तासिकेला दुसऱ्याच्या हाती, नाहीतर एकच मूल काम करतं. वहीत तीन रकाने: काय घडलं, कोणी लिहिलं, कधी लिहिलं. तिसरा रिकामा असेल तर ती नोंद धरू नका.

पहिल्या दोन तासिका वाचनाला. तिसरीत भिंतीवर कालरेषा लावा. बहुतेक गट 20 मार्चलाच थांबतात. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला, हे तिथे हमखास सुटतं. मग डिसेंबरात सवर्णांचा आंबेडकरांविरुद्ध दिवाणी दावा आणि तळ्यावर जायला मनाई हुकूम. आणि 17 मार्च 1937 रोजी, अस्पृश्यांना तळ्यावर मनाईची रूढी अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध होत नाही, असा उच्च न्यायालयाचा निकाल. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांत किती वर्षं गेली, ती मुलांनाच मोजू द्या.

प्रसंगाचं नाट्यीकरण मात्र करू नका. ‘अस्पृश्य’ कोण होणार, हे ठरवतानाच वर्गातल्या एखाद्या मुलाला पुन्हा तोच घाव बसतो. घरची जात किंवा अनुभवही उघडपणे विचारू नका; कुणाला सांगायचं असेल तर चिठ्ठीत लिहू दे, आणि ती वर्गात वाचू नका.

चौथ्या तासिकेत शाळेच्या नळाकडे चला. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सर्व मुलांसाठी सुरक्षित, पुरेसं पिण्याचं पाणी आहे. नळ आहे का, एवढंच बघू नका: मधल्या सुट्टीत तो चालू असतो का, पहिलीच्या मुलाचा हात तोटीला पोचतो का, कुणाला हटकलं जातं का, हे तीन दिवस टिपायला लावा. जे अडलं दिसेल, त्याचा तारीखवार अर्ज मुलांनीच मुख्याध्यापकांना द्यावा आणि पोच घ्यावी.