गाडीच्या दाराची चावी फिरेना तेव्हा

आमचं घर मुरुडला, समुद्राला लागून. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, आणि माझी गाडी आता पंधरा वर्षांची झाली. तिच्या चारही दारांची कुलपं मी एकेक करून घरीच दुरुस्त केली आहेत.

गेल्या आषाढात ड्रायव्हरच्या बाजूला चावी आत जायची, पण फिरायची नाही. शेजारचे काका लगेच खोबरेल तेल घेऊन आले. कृपा करून कुलपात खोबरेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं. कुलपाच्या आत पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग. चिकट मळ बसला की पट्टी वर-खाली होत नाही आणि चावी अडते. अशा वेळी जोर लावाल तर चावी आतच तुटेल.

आधी चावी तपासा. मी रोजची चावी आणि कपाटातली न वापरलेली डुप्लिकेट एकावर एक ठेवून उजेडाकडे धरली. रोजच्या चावीच्या खाचांची टोकं झिजून गोल झाली होती. डुप्लिकेट लावली तर कुलूप फिरलं, पण जडच. म्हणजे दोष दोन्हीकडे होता. नवी चावी करून घ्यायची तर नमुना म्हणून कायम न झिजलेली चावी द्या, नाहीतर झीजसुद्धा नव्या चावीत उतरते. चावीत चिप असेल तर साध्या नकलेने दार उघडेल, इंजिन सुरू होणार नाही.

मग कुलूप. डब्ल्यूडी-40 या गंज-मळ सोडवणाऱ्या स्प्रेचा छोटा फवारा मारून चावी आत-बाहेर केली, दर वेळी फडक्याला पुसली. काळा मळ यायचा थांबेपर्यंत हेच. ते पूर्ण वाळू द्या, कारण ओल्यात ग्रॅफाइट (पेन्सिलीच्या शिसात असतं ते, कोरडं आणि गुळगुळीत) गेलं की त्याचा लगदा होतो. दुसऱ्या दिवशी ग्रॅफाइट पावडर. ती मिळाली नाही म्हणून मी 6बी पेन्सिल चावीच्या खाचांत भरपूर घासली आणि चावी दहा-बारा वेळा घातली-काढली. तेव्हापासून कुलूप दोन बोटांनी फिरतं.

चावी फिरते पण दार उघडत नाही, असं असेल तर दार उघडं असताना तपासा. दाराच्या कडेला लॅच, म्हणजे दार पकडून ठेवणारी खिट्टी, असतं, त्याचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने बंद करा आणि बाहेरचं हँडल ओढा. आकडा सुटला तर लॅच ठीक आहे. सुटेपर्यंत दार लावू नका. जड सुटत असेल तर साफ करून पांढरं ग्रीस लावा. आतल्या हँडलने सुटतो, बाहेरच्याने नाही, तर बहुधा बाहेरचं हँडल लॅचला जोडणारा आतला रॉड निसटलेला असतो. मागच्या दाराचं उलट असेल, आतून उघडत नसेल, तर आधी चाइल्ड लॉकची कळ पाहा.

माझ्या मागच्या दारात रॉडची प्लास्टिकची क्लिप पिवळी पडून तुटली होती. नखाएवढी वस्तू! ती बदलायला दाराचं आतलं पॅड, म्हणजे आतून दिसणारं आवरण, काढावं लागतं. काच पूर्ण वर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, हातमोजे घाला, कारण पत्र्याची धार चाकूसारखी असते. स्क्रू बहुधा हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टखाली लपलेले असतात. दारात एअरबॅगचं काही असेल तर तिथे हात घालू नका, ते काम मेकॅनिकचं.

रिमोट जवळूनच चालत असेल तर सेल बदला. जुन्या सेलवरचा आकडा वाचून तोच आणा, बऱ्याच रिमोटमध्ये 3 व्होल्टचा सीआर 2032 असतो.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडू नका. तो नीट चिकटला नाही तर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं. मी ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून तो कडेकडेने दाबते, मग दार लावून काचेवर तांब्या-तांब्याने पाणी सोडते. दाराच्या खालच्या भोकांतून पाणी बाहेर आलं आणि आत कार्पेट कोरडं राहिलं की मगच शेवटचा स्क्रू बसवते.