मिरची-टोमॅटोची रोपे आणि वेलभाज्या कीटकरोधक जाळीखाली कशा वाढवाव्यात

पांढरी माशी मिरची-टोमॅटोच्या पानांतील रस शोषते, परंतु तेवढ्याने पीक बुडत नाही. पीक बुडते ते तिने सोबत आणलेल्या विषाणूमुळे. पर्णगुच्छाचा (पाने आकसून गुच्छासारखी होण्याच्या रोगाचा) विषाणू एकदा झाडात शिरला की तो कोणत्याही फवारणीने बाहेर काढता येत नाही, आणि रोप जितके कोवळे असताना लागण होते तितके नुकसान मोठे होते. रोपवाटिकेतील चार-पाच आठवडे आणि पुनर्लागवडीनंतरचे सुरुवातीचे दिवस हाच सर्वांत जोखमीचा काळ असल्यामुळे, संपूर्ण हंगामभर जाळी लावणे परवडत नसले तरी एवढ्या काळापुरती ती अवश्य लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाळी निवडताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारात सर्वत्र मिळणारी हिरवी शेडनेट ही सावलीसाठी असते. तिची छिद्रे मोठी असल्यामुळे पांढरी माशी, मावा आणि तुडतुडे तिच्यातून सहज आत येतात. कीटकरोधक जाळी 'मेश'च्या आकड्यावर विकली जाते आणि हा आकडा म्हणजे एका इंचातील छिद्रांची संख्या होय. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्यामुळे 40 मेशच्या जाळीत धाग्यासह एका छिद्राच्या वाट्याला सुमारे 0.63 मिलिमीटर जागा येते, धागा 0.2 मिलिमीटर जाड धरला तर प्रत्यक्ष मोकळे छिद्र 0.4 मिलिमीटरच्या आसपास उरते. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग, फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग, वेलवर्गीय पिकांवरील लाल भुंगेरे आणि 2014 मध्ये पुणे परिसरात आढळलेली टोमॅटोवरील टुटा नागअळी यांच्यासाठी 40 मेश पुरेशी आहे. पांढऱ्या माशीच्या शरीराची रुंदी मात्र जेमतेम पाव मिलिमीटर असते, म्हणून रोपवाटिकेसाठी 50 ते 60 मेशची जाळी घ्यावी. फुलकिडे त्याहूनही बारीक असल्याने जाळीमुळे त्यांची संख्या घटते, पण ते पूर्णपणे थांबत नाहीत. मिरचीचा चुरडा-मुरडा फुलकिड्यांमुळे आणि कोळी किडीमुळेही होतो, हे लक्षात ठेवून जाळीखालच्या मिरचीची पानेही उलटी करून पाहत राहावे.

रोपवाटिकेसाठी एक मीटर रुंद आणि सुमारे 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. पाण्याचा निचरा येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण जाळीखाली हवा कमी खेळते आणि पावसाळ्यात ओलावा साचला तर कीड टळूनही रोपे बुडाशी सडून कोलमडतात. याच कारणासाठी बी दाट न पेरता ओळींमध्ये विरळ पेरावे. वाफ्यावर दर दीड ते दोन मीटरवर बांबूच्या कामट्यांची कमान रोवावी. एक मीटर रुंदीवर अर्धा मीटर उंचीची कमान करण्यास सुमारे 1.6 मीटर लांबी लागते आणि दोन्ही टोके वीतभर जमिनीत जावी लागतात, म्हणून कामटी किमान दोन मीटरची असावी. जाळीची रुंदी 2.2 मीटरपेक्षा कमी नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेशी कड मातीत दाबता येते. कामट्यांच्या गाठी आणि धारदार कडा आधीच तासून घ्याव्यात, अन्यथा वाऱ्याने घासून जाळी नेमकी तेथेच फाटते.

जाळी पेरणीच्या दिवशीच चढवावी. कीड दिसल्यानंतर चढवलेली जाळी किडीलाच आसरा देते, कारण ढालकिडे आणि क्रायसोपासारखे मित्रकीटक बाहेर राहतात आणि आत अडकलेला मावा निर्धास्तपणे वाढतो. कडेवर अंतराअंतराने दगड ठेवून भागत नाही. दोन दगडांमधली फट किडीला पुरते. दोन्ही लांब बाजू आणि दोन्ही टोके सलग मातीने दाबावीत. पाण्यासाठी जाळी रोज उघडावी लागू नये म्हणून ठिबकची नळी आधीच अंथरावी. ती नसल्यास झारीने जाळीवरूनच पाणी द्यावे. तपासणी आठवड्यातून दोनदा करावी. ती भल्या पहाटे, पांढरी माशी थंडाव्याने सुस्त असताना, एकच बाजू उचलून उरकावी आणि कड पुन्हा तत्काळ दाबावी. रोपांची पाने जाळीला टेकू देऊ नयेत, कारण पतंग बाहेर बसून जाळीतूनच टेकलेल्या पानांवर अंडी घालू शकतात.

पुनर्लागवडीपूर्वी रोपे काटक करण्यासाठी अनेक ठिकाणी शेवटचे काही दिवस जाळी काढून टाकतात. महिनाभर जपलेले रोप अशा रीतीने उघड्यावर टाकणे मला पटत नाही. पाणी हळूहळू कमी केले तरी रोप काटक होते, तेव्हा जाळी उपटणीच्या दिवसापर्यंत राहू द्यावी. शेजारी टोमॅटोचे जुने, रोगट पीक उभे असेल तर ते लागवडीपूर्वीच उपटून नष्ट करावे, आणि शक्य असल्यास पांढरी माशी अडवण्यासाठी शेताच्या कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी आधीच पेरून ठेवाव्यात.

कलिंगड, खरबूज आणि काकडी यांच्यासाठी 17 जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचे) न विणलेल्या कापडाचे क्रॉप कव्हर अधिक सोयीचे पडते. ते वजनाला हलके आणि जाळीपेक्षा स्वस्त असते, आणि लाल भुंगेऱ्यांपासून कोवळ्या पानांचे उत्तम रक्षण करते. मात्र ते फार टिकत नाही आणि त्याखाली उष्णताही अधिक साठते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, अशा वेळी पाने दुपारी कोमेजून संध्याकाळीही सावरत नसतील तर आच्छादन लवकर काढावे. एरवीही मादी फुले दिसू लागताच, साधारणपणे लागवडीनंतर 25 ते 30 दिवसांनी, ते काढलेच पाहिजे. मधमाशी आत आली नाही तर फळधारणा होत नाही. त्यानंतर फळमाशीसाठी कामगंध सापळे लावावेत आणि मधमाश्यांच्या वावराच्या वेळेत कोणतीही फवारणी करू नये. कोबी आणि पालेभाज्यांना परागीभवनाची गरज नसल्याने त्यांच्यावरील जाळी काढणीपर्यंत ठेवता येते.

नागअळी, फुलकिडे आणि लाल भुंगेरे यांचे कोष मातीत असतात. त्यामुळे मागील हंगामात ज्या वाफ्यावर त्यांचा उपद्रव झाला होता, तेथे तेच पीक पुन्हा जाळीखाली घेतल्यास कीड आतूनच बाहेर पडते. अशा ठिकाणी पीक बदलावे किंवा उन्हाळी नांगरट करून जमीन तापू द्यावी. हंगाम संपल्यावर जाळी स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, फाटलेले भाग नायलॉनच्या दोऱ्याने शिवून, उंदरांपासून सुरक्षित अशा उंच जागी गुंडाळून ठेवावी.