नोझावा ओन्सेनला स्कीइंगला जाताय? या चुका टाळा

जपानच्या नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन हे गाव आहे, रिसॉर्ट नव्हे. इथे येऊन हिरमुसले होणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक हा फरक लक्षात न घेण्याची असते. सैबेरियातून येणारे कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि या डोंगरांवर आदळून बर्फ ओततात. डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्या झऱ्यांभोवती पिढ्यान् पिढ्या लोक राहत आले आहेत. स्कीइंग इथे फार नंतर आलं. त्यामुळे बेत आखताना डोंगराचा जेवढा विचार कराल तेवढाच गावाचाही करा.

रात्री उशिरा पोहोचण्याचा बेत

ही चूक आमच्या पुण्याच्या गटाने केली, म्हणून आधी तीच सांगते. टोकियोत दुपारी उतरलो, थोडी खरेदी केली, ‘दोन तासांचाच तर प्रवास’ म्हणून निवांत निघालो. बुलेट ट्रेनने ईयामा स्टेशन पावणेदोन तासांच्या आसपास येतं हे खरं, पण पुढे गावापर्यंत साधारण पंचवीस मिनिटांची बस असते आणि संध्याकाळनंतर बस मोजक्याच. शिवाय आम्ही आधी कागायाकी या गाडीच्या रांगेत उभे होतो, आणि ती ईयामाला थांबतच नाही! हाकुताका पकडायची असते. पोहोचेपर्यंत र्‍योकानमधलं जेवण आटोपलं होतं.

र्‍योकान म्हणजे पारंपरिक जपानी निवास. तिथलं रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला लागतं आणि ते पाहुण्यांची संख्या मोजून शिजवलेलं असतं. घरी पंगत वाढून यजमान वाट बघतायत आणि पाहुणा नऊला उगवतोय, असा तो प्रकार होतो. शेवटची बस बघून विमानाची वेळ ठरवा. जमत नसेल तर पहिली रात्र टोकियोतच काढा. मोठ्या बॅगा विमानतळावरच्या कुरिअरने थेट मुक्कामी पाठवता येतात. त्यांना एक-दोन दिवस लागतात, म्हणून एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत हवेत.

मुक्काम फक्त फोटो पाहून ठरवणं

गावातल्या गल्ल्या उताराच्या, अरुंद आणि बर्फाने निसरड्या. खांद्यावर स्की, पायात जड बूट आणि समोर चढ, हे सकाळी एकदा केलं की नकाशा का बघायला हवा होता ते कळतं. हिकागे या स्कीइंगच्या भागाच्या पायथ्याकडे नेणारा सरकता रस्ता गावात आहे. नवशिके असाल तर त्याच्या जवळ राहा, कारण हिकागेचे रुंद, सौम्य उतार शिकायला उत्तम. गल्लीत फिरायला पक्क्या पकडीचे बूट आणा, मॉर्निंग वॉकचे बूट इथे चालत नाहीत.

१५ जानेवारीला गावात दोसोजिन या वाटेच्या राखणदार देवाचा अग्निउत्सव असतो. लाकडी मनोरा उभारतात, वयाच्या ४२व्या वर्षातले पुरुष वर बसतात, २५ वर्षांचे खाली राहून मनोरा राखतात आणि बाकीचे गावकरी मशाली घेऊन तो पेटवायला धावून येतात. ही दोन्ही वयं जपानी समजुतीत अशुभ मानली जातात. बघायचं असेल तर फार आधी खोली धरा. बघायचं नसेल तर ते दोन-तीन दिवस सोडून द्या, गर्दीने गाव भरलेलं असतं.

स्नानगृहाला जलतरण तलाव समजणं

गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत, त्यांना सोतोयु म्हणतात. ती गावकऱ्यांची आहेत. आसपासची घरं पाळ्या लावून ती धुतात, राखतात, आणि परक्यालाही फुकट आत घेतात. दारातल्या पेटीत पैसे टाकायला विसरू नका.

आत पोहण्याचे कपडे चालत नाहीत, पूर्ण विवस्त्र व्हावं लागतं. बायका-पुरुषांची दालनं वेगळी असतात. दारावरच्या दोन चित्राक्षरांचा फोटो फोनमध्ये ठेवा, पण आत फोन काढू नका. पहिल्या दिवशी मला संकोचाने पाय उचलेना. दोन मिनिटांत कळलं की कोणी कोणाकडे बघतच नाही. बहुतेक ठिकाणी शॉवर नसतो. कुंडातलं पाणी बादलीने घेऊन बाहेरच अंग धुवायचं, मगच आत उतरायचं. केस वर बांधायचे आणि छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही.

पाणी किती गरम, हे सांगून पटत नाही. आपल्या बंबाच्या कडकडीत पाण्यातही मी इतकी दचकले नव्हते. थंड पाण्याचा नळ असतो, पण आत कोणी बसलं असेल तर विचारल्याशिवाय तो सोडू नका. माझ्या शेजारच्या आजींनी हातानेच खूण केली: आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर पाणी घे. तसं केलं तेव्हा कुठे उतरता आलं. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे. दिवसभर स्कीइंग करून शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा आधी पाणी प्या. दारू पिऊन उतरू नका. रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

ओगामा नावाचा झरा जवळजवळ ९० अंशांचा आहे. तिथे गावकरी भाज्या उकडतात. ते त्यांचं स्वयंपाकघर आहे, कठड्याबाहेरूनच बघा.

‘मी व्हेज आहे’ एवढंच सांगणं

जपानी स्वयंपाकात दाशी नावाचा रस्सा जवळपास सगळीकडे असतो आणि तो बहुतेकदा सुकवलेल्या माशाचा असतो. भाजी दिसायला शुद्ध शाकाहारी, पण शिजते त्याच रश्शात. म्हणून ‘मासे नकोत, माशाचा रस्साही नको’ असं आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा. जमणार नाही असं उत्तर आलं तर फक्त नाश्त्यासह खोली घ्या. इथल्या वाफाळत्या भातावर आम्ही मेतकूट घालून खाल्लं, यजमानीणबाईंना आधी विचारून. त्यांनीही चव घेतली.

डोंगरावरच्या चुका

सगळ्यात वरचं टोक, यामाबिको, १६५० मीटरवर आहे. पहिल्याच दिवशी तिकडे धावू नका, ढगात उजेड सपाट होतो आणि उतार दिसेनासा होतो. दोन दिवस प्रशिक्षक धरा, इंग्रजीतले वर्ग आधी राखावे लागतात. बुटात मोजे एकच जोडी घाला. दोन घातले की पाय आवळतो आणि अधिकच गार पडतो. आत सुती बनियन नको, घामाने ओलं राहतं. हद्दीच्या दोरीपलीकडच्या अस्पर्श बर्फाचा मोह आवरा: हिमस्खलनाचा धोका असतो, आणि शोधमोहिमेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. प्रवासविम्यात स्कीइंग धरलंय का, हे कागद उघडून वाचा, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

आणि चांदीचे दागिने खोलीतच काढून ठेवा. पाण्यात गंधक आहे. माझी जोडवी पहिल्याच आंघोळीत काळीठिक्कर पडली, घरी आल्यावर टूथपेस्टने घासघासून तीन दिवसांनी उजळली.