कादंबरीत भेटलेल्या वेड्यावाकड्या शब्दाचा डिक्शनरीपर्यंत माग कसा काढायचा

'कादंबरी' हा शब्दच घ्या ना. बाणभट्टानं सातव्या शतकात संस्कृतात एक लांबलचक गद्य कथा लिहिली, नायिकेचं नाव कादंबरी म्हणून कथेचं नावही कादंबरी, आणि शेकडो वर्षांनी मराठीला 'नॉव्हेल'साठी शब्द हवा होता तेव्हा तेच नाव उचललं गेलं. आज कोणी कादंबरी हातात घेताना बाणाची आठवण काढत नाही. शब्द मुरला असं मी तेव्हाच म्हणते, लेखक विसरला गेला तरी तो चालतोय तेव्हा. त्यामुळे माग काढायचा असेल तर लेखकाकडे कमी आणि त्याच्यानंतर तो शब्द वापरणाऱ्यांकडे जास्त बघायचं.

पहिलं काम म्हणजे शब्द अडला की तिथल्या तिथे उतरवून घ्या, 'नंतर बघू' म्हटलं की संपलं, ते पान परत सापडत नाही. शब्द, पूर्ण वाक्य, लेखक, पुस्तक, आवृत्तीचं वर्ष, पान नंबर, एवढं सगळं एका चिठ्ठीवर. मोबाईलच्या नोट्समध्ये केलंत तरी चालेल. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी अशाच चिठ्ठ्यांवर उभी राहिलीय, १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना जाहीर आवाहन केलं आणि लोकांनी पुस्तकं वाचून वाचून लाखो चिठ्ठ्या धाडल्या. आणि त्यात एक गंमत झाली, वाचकांना जे विचित्र वाटायचं तेच ते टिपायचे. 'अब्यूजन' ह्या कोणी न वापरणाऱ्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आणि साध्या 'अब्यूज'च्या पाचसुद्धा नाहीत! मरे वैतागले होते. पण कादंबरीकारांच्या अतरंगी शब्दांचा ह्यात फायदाच झाला असणार, कारण डोळा नेमका तिथेच अडतो.

चिठ्ठी नीट लिहा हो पण. अमेरिकेत वेब्स्टर डिक्शनरीच्या ऑफिसात १९३१ मध्ये एक चिठ्ठी गेली, मजकूर 'डी ऑर डी', म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे, बस. कोणीतरी ती अक्षरं जोडून 'डॉर्ड' असा एकच शब्द वाचला आणि १९३४ च्या आवृत्तीत 'डॉर्ड म्हणजे घनता' असं चक्क छापून आलं. पाच वर्षांनी, १९३९ मध्ये, एका संपादकाच्या लक्षात आलं की अरे ह्याला व्युत्पत्तीच नाहीये.

आता पुढचं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात. शब्द खरंच त्या लेखकाचा आहे का? मी स्वतः एकदा एका शब्दावर 'हा ह्याच लेखकानं घडवला' म्हणून चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं आणि कोणीतरी त्याच्या साठ वर्षं आधीचं पान समोर ठेवलं, तेव्हापासून आधी शोधते मग बोलते. गूगल बुक्स, इंटरनेट अर्काइव्ह, प्रोजेक्ट गुटेनबर्ग, जुनी पुस्तकं ऑनलाइन ठेवणाऱ्या ह्या तिन्ही साइटवर शोधा. सर्चमध्ये दिसणाऱ्या वर्षावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, मासिकांच्या बाबतीत बरेचदा पहिल्या अंकाचं वर्ष पुढच्या सगळ्या अंकांना चिकटवलेलं असतं, म्हणून छापलेलं पान उघडून डोळ्यांनी बघायचं. आणि कादंबरी पुस्तक व्हायच्या आधी मासिकातून क्रमशः आली होती का तेही बघायचं, कारण मग तारीख मागे सरकते. उलटंही होतं, शब्द पहिल्या आवृत्तीत नसतोच, नंतर घातलेला असतो.

लेखकाची पत्रं, मुलाखती मिळाल्या तर त्याही चाळा. 'रोबोट' आला कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून (कादंबरी नव्हे, पण मुद्दा तोच), मूळ चेक शब्द 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. पण तो सुचला चापेकला नाहीच, त्याच्या चित्रकार भावाला, योसेफला. चापेकच्या डोक्यात 'लाबोरी' होतं आणि नंतर त्यानंच हे मोकळेपणानं लिहून टाकलं.

मग खरी मजा, म्हणजे नंतरचे वापर गोळा करणं. प्रत्येक वापरात एकच गोष्ट तपासा, लिहिणारा शब्द समजावून सांगतोय का? 'अमुक लेखकाच्या भाषेत सांगायचं तर' असं असेल, किंवा शब्द अवतरणचिन्हांत ठेवला असेल, तर शब्द अजून पाहुणा आहे. काहीच न सांगता वापरला असेल तर घरचा झाला. 'कॅच-२२' बघा, जोसेफ हेलरची कादंबरी १९६१ ची, पण 'कॅच-२२ सिच्युएशन झालीय यार' (म्हणजे कसंही केलं तरी अडकायलाच होतं) म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचलेली असते! दुसरी खूण म्हणजे शब्दाला प्रत्यय लागायला लागतात, नामाचं क्रियापद होतं. लुईस कॅरलनं १८७१ च्या पुस्तकात एका कवितेत ढीगभर शब्द स्वतः घडवले, त्यातला 'चॉर्टल' (चकल अधिक स्नॉर्ट, म्हणजे खुदखुदता खुदखुदता नाकातून आवाज येतो तसलं हसणं) लोकांनी उचलला आणि भूतकाळ वर्तमानकाळ सगळ्यात फिरवला. त्याच कवितेतला 'स्लायदी' मात्र कवितेतच बसून राहिला. मला वाटतं कारण साधं आहे, तसल्या हसण्याला आधी नाव नव्हतं, आणि ऐकूनच अर्थ लागत होता.

अर्थ सरकलाय का तेही टिपा. 'मगल' हा रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरमधला शब्द १९९७ चा, जादू न येणाऱ्या माणसासाठी. ऑक्सफर्डनं तो २००३ मध्ये घेतला तेव्हा व्याख्येत 'एखादं कौशल्य नसलेला माणूस' हाही अर्थ होता, म्हणजे शब्द गोष्टीतून बाहेर पडला होता. 'क्वार्क'ची तर वेगळीच तऱ्हा, भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान ह्यांना उच्चार आधीच सुचला होता, स्पेलिंग जेम्स जॉइसच्या कादंबरीत मिळालं आणि १९६४ मध्ये अणूच्या आतल्या सूक्ष्म कणाचं नाव पक्कं झालं. जॉइसच्या वाक्याचा कणाशी काडीचा संबंध नाही.

हे सगळं हातात असलं की मगच डिक्शनरी उघडा. नोंदीत अर्थ शेवटी वाचा, आधी पहिल्या दाखल्याचं वर्ष आणि शेवटच्या दाखल्याचं वर्ष बघा. 'नॉन्स-वर्ड' अशी खूण दिसली तर शब्द त्या एका प्रसंगापुरताच घडवलेला, आणि हो, 'नॉन्स-वर्ड' हा शब्द ऑक्सफर्डच्या जेम्स मरे ह्यांनीच डिक्शनरीसाठी घडवला होता! मराठी शब्द असेल तर दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. दाते-कर्वे मध्ये नोंदीत 'ज्ञा' आणि पुढे आकडे दिसले की ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी समजायची. त्याचे मुख्य खंड १९३२ ते १९३८ मधले, तेव्हा नंतरच्या कादंबऱ्यांतलं काही तिथे मिळणार नाही, उगाच शोधत बसू नका.

शब्द कुठेच नसेल आणि तुम्हालाच घालायचा असेल तर इंग्रजी विक्शनरीचा (विकिपीडियासारखी, कोणीही भर घालू शकेल अशी ऑनलाइन डिक्शनरी) नियम सगळ्यात स्पष्ट आहे. एकमेकांशी संबंध नसलेले तीन दाखले, किमान वर्षभराच्या काळात पसरलेले, आणि काल्पनिक जगातला शब्द असेल तर त्या जगाचा उल्लेख न करता वापरलेले. तिसऱ्या अटीवर बहुतेक फॅन लोकांची गाडी अडते. ऑक्सफर्डच्या साइटवरही फॉर्म आहे, तिथे नवा शब्द सुचवण्यापेक्षा आधीच्या तारखेचा दाखला पाठवा, तो तपासायला त्यांना सोपा जातो. वाक्य, पान, आणि प्रकाशनाचं वर्ष छापलेल्या पानाचा फोटो तयार ठेवा.